पाऊस पडल्यावर घ्यायच्या गोळ्या

आत्या, परवा तुम्हाला समाधीच्या खड्ड्यात मिठात बसवलं. इतकी वर्षं मी तुमच्या भाजीतलं मीठ चमच्याच्या टोकानं मोजत आले. पापडाचे डबे शेजारी देऊन टाकले, लोणच्याची बरणी उचलून दवाखान्यातल्या माझ्या कपाटात नेऊन ठेवली. आणि परवा स्वामींनी खूण केल्याबरोबर तुमच्या लेकानं, बसूनं पोत्याचं तोंड सोडलं आणि तुमच्या मांडीपासून खांद्यापर्यंत मीठ ओतलं. चांगलं जाडं खडेमीठ. त्यावर भस्म, त्यावर बेलाची पानं. बायका रडत होत्या आणि मला, खरं सांगते, आधी हसूच आलं. म्हटलं, घ्या आत्या, एकदाचं मिळालं मनासारखं. मग मात्र आवरलं नाही.

आता बाहेरच्या खोलीत माणसं बसली आहेत. उदगीरहून तुमच्या भावाकडचे आलेत, गल्लीतल्या बायका येऊन-जाऊन आहेत, आणि सगळ्यांचं एकच चाललंय, की आक्का म्हणजे गरीब गाय, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. कुणाबद्दल बोलायलेत कोण जाणे! भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकानं घागर वाजवून बघितली की तुम्ही गल्ल्यावरून विचारायचात, "वाजवायला ती काय तबला हाय व्हय?" हे बाहेर जाऊन सांगितलं तर लोकांना वाटेल सुनेला आजच्या दिवशीही दम निघेना. म्हणून इथं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसले आणि तुमच्याशीच बोलायला लागले. एरवीही आपलं जे काही बोलणं व्हायचं ते इथंच व्हायचं.

तुम्ही मला बघायला बिलोलीला आलात तो दिवस आठवतो का? मी नांदेडला नर्सिंग संपवून तिथंच एका दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डात लागले होते, सुट्टी काढून गावी आले होते. पोहे झाले, चहा झाला. तुमच्यासोबतच्या बाईंनी पुरणपोळी येते का म्हणून विचारलं. तुम्ही त्यांना हातानंच गप्प केलंत आणि मला म्हणालात, "छातीचं मशीन वाचता येतंय का तुला?"

"ईसीजी?"

"ते कागुद निघतंय बघ पट्टीवानी. ते."

"येतं की."

"माणूस खरंच मरायलाय का नाटक करायलाय, कळतंय त्याच्यावरून?"

माझ्या वडिलांच्या हातातली बशी कलली. मी म्हटलं, बऱ्यापैकी कळतं. तुम्ही तिथल्या तिथं पसंती सांगून मोकळ्या झालात. बसूला कुणी विचारलंच नाही. तो अजून म्हणतो, त्या दिवशी मला फक्त पोहे खायला नेलं होतं.

मशीनचं कारण मला लग्नानंतर कळलं, आणि तेही तुमच्याकडून कधी सरळ नाही, तुकड्या-तुकड्यानं. मामंजींनी प्राण सोडला तो उदगीरलाही नाही आणि लातूरलाही नाही. ते मधेच नळेगावच्या पुढं जीपमध्ये गेले, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. लातूर तेव्हा नुकता जिल्हा झालेला. उदगीरच्या डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली आणि म्हणाले, इथं मशीन नाही, जिल्ह्याला न्या. तेवढंच वाक्य तुमच्या डोक्यात बसलं. बाकीच्यांसाठी जिल्हा म्हणजे कलेक्टर, कोर्ट, कचेरी. तुमच्यासाठी जिल्हा म्हणजे ज्या गावात छातीचं मशीन असतं ते गाव. म्हणून तर मामंजी गेल्यावर तुम्ही लहानग्या बसूला घेऊन लातूरला आलात, दिराच्या दुकानात बसायला लागलात, आणि पुढं ते दुकान तुमच्याच नावानं ओळखू लागले लोक.

आणि म्हणूनच उदगीर जिल्हा व्हावं हा तुमचा हट्ट. पेपरात नव्या जिल्ह्यांची बातमी आली की चष्मा शोधायची धांदल. तपासणीला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला तुम्ही ठणकावून सांगायचात, "उदगीर जिल्हा झाल्याबिगर मी मरत न्हाई, तुमी गोळ्या लिहा." मी मागून म्हणायची, मग तुम्हाला मरणच नाही. डॉक्टर हसायचे. तुम्ही मात्र हसत नव्हतात. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तुमच्या स्वतःच्या छातीत दुखलं तेव्हा मशीन रिक्षाच्या अंतरावर होतं, आणि मी ड्यूटीवर होते. पट्टी मीच काढली. तुम्ही त्या अवस्थेतही मान वळवून विचारलंत, "नाटक हाय का खरं?" मी म्हटलं, खरं आहे, गप्प पडा. तुम्ही वाचलात. पण हृदय अर्धंच उरलं. असं हृदय अंगातलं पाणी पुढं ढकलू शकत नाही. ते पायात उतरतं, पोटात साठतं, शेवटी फुप्फुसात चढतं आणि माणूस झोपल्या जागी गुदमरायला लागतं. म्हणून प्यायचं पाणी मापात, मीठ नावाला, रोज वजन, आणि सकाळी लघवीची गोळी, म्हणजे साठलेलं निघून जातं. मी वॉर्डात दिवसभर हेच सगळ्यांना सांगायची. घरी येऊन पुन्हा तुम्हाला सांगायची. तुम्ही म्हणायचात, "हाव शिस्टर." रागात असलात की शिस्टर, नसलात की शैला.

पुढं तो दुष्काळ आला. नळाला पाणी महिन्यातून कधीतरी, आणि तेही येईल की नाही ते नळालाच माहीत. टँकर आला की गल्लीत आरडाओरडा. नंतर तर रेल्वेनं पाणी यायला लागलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता पाणी रिझर्वेशन करून यायलंय, आपण जनरलमधी." आपल्या घरात पिंपं भरलेली, हंडे भरलेले, कुकरसुद्धा भरून झाकण लावून ठेवलेला. पाण्याचा सगळा कारभार तुमच्याकडं. मोरीजवळ स्टूल टाकून बसायचात आणि कुणी तांब्या जोरात बुडवला की आतून आवाज, "कोण हाय गं? तळं लागलंय व्हय घरात?" आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यानं फरशी पुसायची, उरलेलं संडासात टाकायचं. मी गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली म्हणून माझ्यावर तर तुमचा जास्तच डोळा. "नांदेडवाले बादलीनं हात धुतेत," म्हणायचात. मी दवाखान्यातूनच आंघोळ करून यायला लागले, तेव्हा कुठं तुमचं तोंड थांबलं.

त्याच उन्हाळ्यात तुमचं वजन वाढायला लागलं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. उशीवर उशी चढायला लागली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी फरक नाही. मला एकच सुचलं, की आत्या चोरून पाणी पितात. वॉर्डात सगळे हेच करतात ना. बाथरूममधे जाऊन नळाला तोंड लावणारे बघितलेत मी, सलाइनची बाटली फोडून प्यायचा विचार करणारेही बघितलेत. तर मी तुमच्यावर पहारा बसवला. पाहुणे आले की त्यांच्यासोबत तुम्ही किती घेता ते बघायची. सकाळी लिंगपूजा झाल्यावर तुम्ही तीर्थ घ्यायचात तेही माझ्या डोळ्यावर आलं. एक दिवस म्हटलंसुद्धा, "आत्या, तीर्थ म्हणजे पळीभर. तुम्ही वाटी लावायलात काय?"

तुम्ही ज्या नजरेनं बघितलंत ना माझ्याकडं! "शिवाच्या पाण्यावर माप लावायलीस? लाव. त्येच्याकडं बी वजनकाटा हाय म्हणावं."

"मग वाढतंय कुठून?"

"तुझा काटाच मोडका हाय."

मी काटा दुकानात नेऊन वीस किलोच्या वजनानं तपासून आणला. काटा बरोबर होता. गोळ्यांच्या पाकिटात बघितलं, रोजची जागा रिकामी. म्हणजे गोळी जाते, पाणी मापात, तरी अंग फुगतंय. मला वाटलं हृदय आणखी बिघडलं. त्या आठवड्यात मी घाबरलेली होते, आत्या. तुम्हाला दाखवलं नाही. वरून नुसती भांडत राहिले.

मग त्या दुपारी तुम्ही दुकानातच खुर्चीत पुढं वाकलात आणि श्वास घेता येईना. बसूनं मला फोन केला, मी म्हटलं तसंच उचला आणि आणा. तुम्हाला माझ्याच वॉर्डात आणलं. ऑक्सिजन, इंजेक्शन, लघवीची नळी, छातीला वायरी. नवीन आलेल्या मुलीनं तुमच्या गळ्यातलं इष्टलिंग काढायला हात घातला तर मास्कच्या आतून तुम्ही अशा ओरडलात की ती मागं सरकली. मी त्याची दोरी सैल करून लिंग तुमच्या खांद्यावर घेतलं, चिकटपट्टीनं बसवलं, आणि वायरी दोरीच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. तेव्हापासून आमच्या वॉर्डात शिवभक्ताचं लिंग असंच खांद्यावर घेतात. कुणी काढा म्हणत नाही.

दोन दिवसांत पाणी उतरलं. तुमची हाडं दिसायला लागली, आवाज परत आला. लघवीची नळी काढायची वेळ झाली. आता ती नळी म्हणजे कुणालाच नको असते. माणसं हातापाया पडतात, काढा म्हणून. मी पडदा ओढला आणि म्हटलं, चला आत्या, सुटका.

तुम्ही पाय जवळ घेतलेत. "ऱ्हाऊ दे."

"अहो, काढायची आहे."

"ऱ्हाऊ दे म्हणते की. बरं हाय हे. घरी बी असंच दे लावून."

"कामून?"

"पाणी लागत न्हाई ह्याला," तुम्ही म्हणालात. "पिशवीत जातंय, पिशवी रिकामी करायची. घरी तुझी ती गोळी घेतली की सकाळपासून धा येळा जावं लागतंय. दर येळी तांब्या-तांब्या टाकायचा. इत्लं पाणी म्हाताऱ्या माणसाच्या मुतावर घालायचं व्हय? लेकराच्या आंघोळीला न्हाई घरात."

मी पडदा धरून उभी. मी महिनाभर तुम्ही पाणी चोरता म्हणून पहारा ठेवलेला, आणि तुम्ही उलट पाणी वाचवायला गोळी घेत नव्हतात.

"मग गोळ्या कुठं गेल्या? पाकीट तर रिकामं आहे."

"भस्माच्या डबीत हायत," तुम्ही एकदम अपमान झाल्यासारखं म्हणालात. "फेकल्या न्हाईत. वाया घालवायला मी काय येडी हाय? पाऊस पडल्यावर घेणार हुते."

पाऊस पडल्यावर! आत्या, मला त्या क्षणी तुमचा गळा धरावा की पाय धरावेत कळेना. तुमच्या हिशेबात ते अगदी चोख होतं. आता पाणी नाही, तर अंगातलं पाणी अंगातच साठू दे, पाऊस आला की सगळ्या गोळ्या घेऊन सोडून देऊ. धरणाचं करतात तसं. धरणाला श्वास घ्यायचा नसतो एवढंच तुम्ही विसरलात.

शेजारच्या खाटेवर औशाकडची एक बाई होती, तीही हृदयाचीच. पडद्याच्या पलीकडून तिचा आवाज आला, "मावशी, मी बी टँकरच्या दिवशी घेतच न्हाई ती गोळी. रांगंत उभं ऱ्हायल्यावर जायाचं कुठं बाईमाणसानं?" तुम्ही पडदा बाजूला केलात आणि दोघी हसायला लागलात, ऑक्सिजनच्या नळ्या नाकात घालून. मी तिथं नर्स, तुमची सून, आणि तुम्ही दोघी जणू मला वगळून एका शाळेतल्या.

त्या दिवशी मी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना विचारत फिरले. आधी आम्ही विचारायचो, गोळी घेता का? सगळ्या म्हणायच्या, घेताव की. आता विचारलं, तुमच्याकडं पाणी कधी येतं? आणि मग एकेकीचं खरं बाहेर यायला लागलं. कुणी गोळी अर्धी करायची, कुणी एक दिवसाआड. एकीच्या घरी संडास गल्लीच्या टोकाला, म्हणून ती फक्त अंधार पडल्यावर जायची. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मग वेळा बदलून द्या, ज्या वेळेला जमतं त्या वेळेला. एवढं सोपं होतं. आजही आमच्याकडं हृदयाचा माणूस दाखल झाला की नाव-गावानंतर पहिला प्रश्न पाण्याचा असतो. नवीन मुलींना वाटतं ही पुस्तकातली पद्धत आहे. मी तुम्हाला हे सांगितलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग माझ्या नावाची पाटी लाव की तिथं."

पण खरी लढाई घरी आल्यावर झाली. मी एक निळं पिंप वेगळं काढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हे आत्यांच्या संडासाचं, यात कुणी हात घालायचा नाही. तुम्हाला ते मान्यच होईना. मी ड्यूटीला गेले की तुम्ही त्यातलं पाणी काढून शेजारच्या बाळंतिणीला द्यायचात. मी आले की पिंप रिकामं आणि तुमचे पाय पुन्हा सुजलेले. किती समजावलं. तुमचं एकच, "मी जगून काय करू? माझ्या पायी लेकरं तहानेली ऱ्हातील."

मग एक दिवस माझं डोकंच सरकलं. स्वयंपाकघरात, अगदी याच ओट्यापाशी, मी ओरडले, "हो का? मग मरा! पण आधी एक हिशेब करा. तुम्ही मेलात तर उदगीरची, लातूरची, सगळी भावकी येणार. प्रत्येकाला प्यायला पाणी, चहाला पाणी, मातीहून आल्यावर आंघोळीला पाणी. स्वयंपाक वेगळा, भांडी वेगळी. कुठून आणू मी ते? तुमच्या गोळीला दिवसाला दोन बादल्या लागतात. तुमच्या मरणाला टँकर लागेल, टँकर!"

बसू दारात थिजला. सासूला असं बोलतात का कुठं!

तुमचे मात्र ओठ हलत होते, म्हणजे मनात आकडे चालले होते. मग म्हणालात, "टँकर बी पुरायचा न्हाई. माझ्या भावाकडचेच इत्ले हायत." आणि हात पुढं केलात. "आण गोळी."

अहो, डॉक्टरांना जमलं नव्हतं, मला जमलं नव्हतं, देवाच्या नावानं जमलं नव्हतं. दुकानदाराला नफा-तोटा दाखवल्यावर जमलं.

पुढं पाऊस पडला. चांगला पडला. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी भस्माची डबी घेऊन माझ्यापुढं बसलात. राखेत पांढऱ्या गोळ्या. "आता घेऊ का गं ह्या?"

"सगळ्या?"

"साठल्यात की."

"आत्या, ही थकबाकी नाही! एकदम फेडायची नसते!"

किती हसलो आपण तेव्हा. हसता हसता तुम्हाला धाप लागली आणि मी तुमची पाठ चोळत बसले. गोळ्या मी टाकून दिल्या, आणि त्याबद्दल तुम्ही मला कितीतरी दिवस बोलत होतात.

दुष्काळ गेला, पण तुमच्यातून गेला नाही. नळाला पाणी यायला लागलं तरी तुम्ही अर्ध्या बादलीत आंघोळ करायचात. मी दुसरी बादली ठेवली की, "कशाला? साकु, साकु." माहेरचं कानडी तुमच्या तोंडी नको म्हणतानाच यायचं. मी म्हणायची, आता पाणी आहे. तुम्ही म्हणायचात, "आता हाय." दुसऱ्यांना तांब्याभर देताना हात कधी आखडला नाहीत. स्वतःच्या अंगावर घालताना मात्र कुणाचं तरी चोरल्यासारखं करायचात. हे भांडण आपलं शेवटपर्यंत राहिलं. मी म्हणायची, तुमच्या अंगाचाही हक्क आहे घरातल्या पाण्यावर. तुम्ही म्हणायचात, म्हाताऱ्या अंगाला कसला आलाय हक्क. वॉर्डात मी कितीतरी बायकांना हे पटवून दिलं आहे. घरात मला तुम्हाला पटवता आलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही मला शिस्टर म्हणायचात, त्याचा मला राग येतो असं तुम्हाला वाटायचं. नव्हता येत. माझ्या आईला मी नर्स झाले ते शेवटपर्यंत आवडलं नाही. लोकांची घाण काढते म्हणायची. तुम्ही मला त्याच कामासाठी पसंत केलंत. पोरं लहान असताना माझ्या रात्रपाळ्या असायच्या, तेव्हा दुकान सांभाळून तुम्ही त्यांना वाढवलंत, आणि कुणी नाक मुरडलं की म्हणायचात, "माझी सून मशीन वाचती. तुमची काय वाचती?" मी हे ऐकलेलं आहे, आत्या. जिन्यात उभी राहून ऐकलेलं आहे. आत येऊन काही बोलले नाही, चहा टाकला. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. फार जीव होता माझा तुमच्यावर.

शेवटच्या महिन्यात गोळ्यांनी काही होईना. किडन्याही थकल्या. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, भरती करा, बघू. बसूनं गाडी काढली. तुम्ही मला जवळ बोलावलंत. "शिस्टर म्हणून सांग, सून म्हणून न्हाई. भरती होऊन काय होईल?"

मी इतक्या लोकांना इतक्या वेळा उत्तरं दिली आहेत. म्हटलं, "थोडे दिवस वाढतील. वायरींमधे."

"मग न्हाई जायचं."

बसू चिडला, रडला. म्हणाला, बाबांना मशीन मिळालं नाही आणि तुला मिळायलंय तर तू नको म्हणतीस. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. "त्याला मिळालं न्हाई म्हणून मला इत्ली वर्षं मिळालं. पुरे झालं बाबा." त्यानं गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली. माझ्यातली नर्स म्हणत होती बरोबर आहे, आणि सून आत जाऊन डाळीच्या डब्यात तोंड घालून रडत होती.

तुम्ही दुपारी गेलात, पूजा करून, कपाळभर भस्म लावून, बसूच्या हाताला धरून. ते बाहेर बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळचं कुणाला माहीत नाही.

सकाळी तुम्ही म्हणालात, "मला न्हाऊ घाल."

मी म्हटलं, धाप लागेल, गरम पाण्यानं अंग पुसून घेते. वॉर्डात असं अंग पुसून घेणं हे माझं रोजचं काम, हात आपोआप टॉवेलकडं गेला.

"पुसू नको," तुम्ही म्हणालात. "घाल."

बसूनं उचलून न्हाणीत खुर्चीवर बसवलं आणि बाहेर गेला. मी दार ओढून घेतलं. पाठीचे मणके वर आलेले, पाय फुगून तुकतुकीत झालेले. खांद्यावर पहिला तांब्या घातला. मी जपून घालत होते, धाप बघत, ओठ बघत. पहिली बादली संपली तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. दुसरी घेतली. केसातून पाणी गेलं, तोंडावरून गेलं, तुम्ही ओठ किंचित उघडलेत आणि थोडं आत गेलं. मी मोजलं नाही.

दुसरीही संपली. मी थांबले. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून वाट बघितली. मग तिसरी बादली नळाखाली लावली, नळ पूर्ण सोडला. भरेपर्यंत त्याचा आवाज आपण दोघी ऐकत बसलो. बादली काठोकाठ भरून मी तुमच्यापुढं ठेवली, आणि तुम्ही नको म्हणाला नाहीत. नुसतं डोकं पुढं केलंत.